लेखकाची सही घ्यायला जाताय? छापील प्रत की ई-बुक, हे आधी घरी ठरवा

नाशकातल्या पुस्तकाच्या कार्यक्रमाला पहिल्यांदा जाणारा वाचक बहुधा शेवटच्या दहा मिनिटांत अडखळतो. भाषणं संपलेली असतात, लेखिका सह्या करायला बसलेल्या असतात, शेजारच्या टेबलावर नव्या पुस्तकाचा गठ्ठा असतो. तेच पुस्तक आपल्या मोबाइलमध्ये आधीच असतं, किंवा घरी जाऊन ई-बुक घेतलं तर स्वस्त पडेल असं मनात घोळत असतं. रांग पुढे सरकते, मागचे लोक थांबलेले असतात आणि घाईत काहीतरी ठरतं. कधी नको असलेली जाडजूड प्रत घरी येते, तर कधी आयुष्यभर जपली असती अशी सही राहून जाते.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे हा निर्णय टेबलापाशी घेऊ नका. पुस्तक वाचायला कोणत्या रूपात सोयीचं आहे आणि सही कशावर टिकेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरं घरी बसून शांतपणे काढता येतात, आणि ती कशी काढायची तेच इथे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: कार्यक्रमाची नीट चौकशी

नाशिकमध्ये पुस्तकांचे कार्यक्रम पुष्कळ होतात आणि बहुतेकांना प्रवेश खुला असतो. गंगापूर रोडवरचं कुसुमाग्रज स्मारक आणि टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं ‘सावाना’, ही दोन ठिकाणं कायम लक्षात ठेवा. सावानाची स्थापना १८४० सालची, आणि आजही तिथल्या सभागृहात प्रकाशन समारंभ, व्याख्यानं होत असतात. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. त्याच्या आगेमागे शहरात लेखक मंडळींची ये-जा वाढते. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला भरते. तिथे येणाऱ्या वक्त्यांमध्ये लेखकही असतात, पण तो व्याख्यानाचा मंच आहे. तिथे सहीसाठी वेगळं टेबल असेलच असं धरून जाऊ नका.

पत्रिका किंवा व्हॉट्सॲपवरचं निमंत्रण आलं की आयोजकांना फोन करून तीन गोष्टी विचारा. जागेवर पुस्तकविक्री आहे का? असेल तर सवलत किती? आणि लेखक कार्यक्रमानंतर सह्यांसाठी थांबणार आहेत का? तिसरा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. बाहेरगावचे पाहुणे कधी कधी शेवटच्या गाडीसाठी लगेच निघतात. अशा वेळी आयोजकच सांगतात, ‘सुरू व्हायच्या आधी अर्धा तास या, तेव्हा निवांत भेटतील.’

साहित्य संमेलनाचं गणित मात्र वेगळं असतं. नाशिकने २००५ साली आणि नंतर ३ ते ५ डिसेंबर २०२१ या काळात, आडगावच्या भुजबळ नॉलेज सिटीत, अखिल भारतीय संमेलन अनुभवलं आहे. संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात लेखक आपापल्या प्रकाशकाच्या स्टॉलवर येऊन बसतात, आणि ते कधी येणार हे छापील कार्यक्रमपत्रिकेत नसतं. स्टॉलवरच्या माणसाला विचारलं की नेमकी वेळ कळते.

दुसरी पायरी: पुस्तक घेण्याआधी थोडं वाचून पाहा

ई-बुकचा सर्वांत मोठा उपयोग इथे होतो, आणि तोही फुकट. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुक सेवेवर, बहुतेक पुस्तकांचा नमुना मोफत उतरवून घेता येतो. त्यात साधारण पहिला दहावा हिस्सा असतो. किंडलचं यंत्र नसलं तरी मोबाइलवरच्या ॲपमध्ये तो उघडतो. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे २०१६ च्या अखेरीस आली, त्यामुळे अलीकडची बरीच नावं तिथे सापडतात. बुकगंगा या पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावरही मराठी ई-बुकांचा मोठा साठा आहे, पण ती बुकगंगाच्याच ॲपमध्ये वाचावी लागतात, हे लक्षात असू द्या.

नमुना वाचताना दोन गोष्टी तपासा. एक तर लेखन तुम्हाला धरून ठेवतंय का. दुसरी गोष्ट, अक्षरं धड आहेत का. हे मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे मराठीतली असंख्य पुस्तकं वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवली गेली आहेत. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना काळजी घेतली नाही तर ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं सुटी पडतात. पानागणिक असं चार वेळा अडखळायला लागलं की चांगलं पुस्तकही हातातून सुटतं. नमुन्यात हे दिसलं तर दुसरा विचार न करता छापील प्रत घ्या. काही ई-बुकं तर छापील पानांचे फोटो असावेत तशी असतात. त्यांत अक्षर मोठं करता येत नाही, पान इकडेतिकडे सरकवत बसावं लागतं. मोबाइलवर अशी पुस्तकं वाचणं म्हणजे शिक्षा आहे.

चुकून विकत घेतलंच, तर किंडलवरचं पुस्तक सात दिवसांच्या आत परत करता येतं.

वाचनालयातून आणून वाचणं हा तर उत्तम मार्ग आहे. फक्त वाचनालयाची प्रत सहीसाठी नेऊ नका. ती तुमची नाही, आणि शिक्का पाहून लेखकालाही अवघडायला होतं.

तिसरी पायरी: पुस्तकाचा प्रकार बघा

कवितासंग्रह असेल तर छापीलच घ्या. इथे माझं मत ठाम आहे. पडद्यावर अक्षराचा आकार वाढवला की ओळ मोडते आणि तिचं शेपूट खालच्या ओळीत उतरतं. कवीने जिथे श्वास घ्यायला जागा ठेवली आहे तिथे ओळ थांबत नाही, भलतीकडेच थांबते. गझलेत तर एक मिसरा, म्हणजे शेराची एक ओळ, दोन ओळींत फुटला की शेराचा तोलच जातो. शिवाय कवितासंग्रह एका बैठकीत संपत नाही. तो हाताशी ठेवून मधूनच उघडायचा असतो, आणि उघडल्यावर पहिल्या पानावर कवीचं हस्ताक्षर दिसलं तर त्यासारखं सुख नाही.

लहान मुलांची पुस्तकं, चित्रं-नकाशे असलेली पुस्तकं, किल्ल्यांवरची, पक्ष्यांवरची, पाककृतींची पुस्तकं हीसुद्धा छापीलच बरी. मुलांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाने स्वतः टेबलापाशी जाऊन आपलं नाव सांगावं आणि पुस्तक लिहिणाऱ्या माणसाने ते नाव त्याच्या पुस्तकात लिहावं, याचा त्या मुलावर होणारा परिणाम मोठा असतो. पुस्तकं जिवंत माणसं लिहितात, हे त्याला तिथे कळतं.

पाचशे-सहाशे पानांची कादंबरी, चरित्रं, संदर्भासाठी वारंवार चाळायची पुस्तकं यांच्यासाठी मात्र ई-बुकचा गंभीरपणे विचार करा. नाशिक-मुंबई रोज किंवा आठवड्याला ये-जा करणाऱ्याने पंचवटी एक्स्प्रेसच्या गर्दीत जाड ग्रंथ कुठे धरायचा? चरित्रात एखादं नाव पुन्हा शोधायचं असेल तर ई-बुकमध्ये ते क्षणात सापडतं. मराठी पुस्तकांना शेवटी सूची क्वचितच असते, त्यामुळे हा फायदा किरकोळ नाही.

आणि आपल्या घरातल्या ज्येष्ठांचा विचार करा. मोतीबिंदूच्या आधी किंवा नंतर, बारीक टाइपामुळे ज्यांचं वाचन थांबलं आहे, त्यांना अक्षर हवं तेवढं मोठं करून देणारं ई-बुक पुन्हा वाचतं करू शकतं. आजोबांना सही हवी असेल तर छापील प्रतीवर घ्या आणि वाचायला ई-बुक द्या. एकाच पुस्तकाला दोनदा पैसे घालणं एरवी मला पटत नाही, पण इथे ते सार्थकी लागतात.

वसतिगृहात किंवा भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्यांनी, दर अकरा महिन्यांनी घर बदलणाऱ्यांनी छापील पुस्तकं मोजकीच घ्यावीत. गोदाकाठच्या वस्तीत तळमजल्यावर राहत असाल तर पावसाळ्याचाही हिशेब धरा. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं, हे सराफ बाजारातल्या जुन्या लोकांना विचारा. सही असलेली पुस्तकं वरच्या फळीवरच हवीत.

चौथी पायरी: पैसे आणि मालकी

समजा, छापील किंमत ४०० रुपये आहे आणि समारंभात २० टक्के सवलत आहे. म्हणजे प्रत ३२० रुपयांना पडली. तेच ई-बुक २०० रुपयांना असेल तर वरकरणी १२० रुपयांची बचत दिसते. पण या दोन वस्तू सारख्या नाहीत. छापील पुस्तक तुमचं होतं. ते मैत्रिणीला वाचायला देता येतं, वाचनालयाला भेट देता येतं, मुलांसाठी मागे ठेवता येतं. ई-बुकात तुम्ही वाचण्याचा परवाना घेता, आणि तो त्या कंपनीच्या खात्याशी बांधलेला असतो. २००९ साली ॲमेझॉनने हक्कांच्या वादामुळे विकलेली काही पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून दुरूनच काढून घेतली होती. पैसे परत दिले, पण पुस्तकं गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून घेऊन केबलने यंत्रात टाकण्याची सोयही बंद झाली. रोजच्या वाचनाला याने फार फरक पडत नाही. पण जे पुस्तक वीस वर्षांनी पुन्हा उघडायचं आहे, ते कागदावर असू द्या.

कराचा मुद्दा छोटासाच आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-बुकवर आहे. दाखवलेली किंमत आणि भरायची किंमत एकदा पाहून घ्या.

लेखकाच्या पदरात काय पडतं, हेही नवख्या वाचकाला माहीत असावं असं मला वाटतं. किंडलवर स्वतः पुस्तक प्रसिद्ध करणाऱ्या लेखकाला योजनेनुसार ३५ किंवा ७० टक्के मानधन मिळतं. प्रकाशकाकडून आलेल्या पुस्तकाचा हिशेब करारावर ठरतो. पण मराठीत अनेक जण, विशेषतः कवी, पदरमोड करून पुस्तक छापतात. अशा वेळी टेबलावर विकली गेलेली प्रत थेट छपाईचा खर्च भरून काढते. पुस्तक छापील घ्यायचं ठरलंच असेल, तर ते त्या टेबलावरूनच घ्या. बाहेर तीस रुपये स्वस्त मिळतं म्हणून ऑनलाइन मागवून आणू नका.

आणि एक विनंती. व्हॉट्सॲप-टेलिग्रामच्या गटांवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात, त्या घेऊ नका आणि पुढे पाठवू नका. मराठी पुस्तकाची आवृत्ती तशीही लहान असते, आणि अशा एका पीडीएफमुळे पुढची आवृत्ती निघणं अवघड होऊन बसतं. फुकट वाचायचंच असेल तर ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने मराठी ई-पुस्तकं मोफत देतं. विकिस्रोत या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयात हक्क (कॉपीराइट) संपलेली जुनी पुस्तकं आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात.

पाचवी पायरी: फक्त ई-बुक असेल तर सही कशावर घ्यायची?

ई-बुक घेतलेल्या वाचकाने रांगेत उभं राहायला मुळीच लाजू नये. तुम्ही पुस्तक विकत घेतलंय, वाचलंय, आणि गठ्ठ्यातली प्रत नुकतीच उचललेल्या माणसापेक्षा तुमच्याकडे लेखकाशी बोलायला जास्त आहे. फक्त सही कशावर, याची तयारी घरून करून जा.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे जाड कागदाचं पोस्टकार्डाएवढं कार्ड. त्यावर वर पुस्तकाचं नाव आणि आवडलेली एखादी ओळ स्वतःच्या अक्षरात लिहून न्या, खाली सहीसाठी जागा मोकळी ठेवा. आपली ओळ वाचकाने उतरवून आणलेली पाहून लेखक हमखास दोन वाक्यं जास्त बोलतात. पुढे कधी छापील प्रत घेतलीत, तर हे कार्ड तिच्यात ठेवता येतं. दुसरा उपाय वहीचा. सगळ्या लेखकांच्या सह्यांसाठी एकच चांगली बांधीव वही ठेवा आणि दर वेळी पुस्तकाचं नाव, तारीख, ठिकाण लिहा. काही वर्षांत ती वही तुमच्या वाचनाची नोंदच होते.

किंडलवर सही घ्यायचा मोह होतो, तो आवरा. पडद्यावर मार्करने लिहिलं तर यंत्र वाया जाईल. मागच्या प्लास्टिकवर परमनंट मार्करने घेतलेली सही हाताच्या घामाने हळूहळू पुसट होते, आणि यंत्र बिघडलं की तिच्यासकट जातं. अगदीच हवी असेल तर किंडलच्या कव्हरच्या आतल्या बाजूला एक कार्ड घट्ट बसवा आणि त्यावर घ्या.

टॅबलेट आणि त्याचा पेन असेल तर कोऱ्या पानावर डिजिटल सही घेता येते. पण आधी विचारा. सहीची स्वच्छ प्रतिमा कुणाच्याही हाती लागून तिचा गैरवापर होऊ शकतो, म्हणून काही लेखक नाही म्हणतात आणि ते योग्यच आहे. याच कारणासाठी छापील पुस्तकावरच्या सहीचा जवळून काढलेला फोटो फेसबुकवर टाकू नका. लेखकासोबतचा फोटो टाका, पुस्तकाचं मुखपृष्ठ टाका.

सहावी पायरी: टेबलापाशी

प्रत हातात आली की आधी चाळून घ्या. उलटी लागलेली किंवा कोरी राहिलेली पानं सही घेण्याआधी सापडली तर प्रत बदलून मिळते, नंतर पंचाईत होते. आवृत्ती कितवी तेही मागच्या माहितीपानावर बघा. प्रकाशनाच्या दिवशीची प्रत पहिल्या आवृत्तीची असते, आणि छापील पुस्तकात तो मजकूर तसाच राहतो. ई-बुकमध्ये मात्र नंतरच्या दुरुस्त्या गुपचूप येऊन बसतात.

सही शीर्षकपानावर घ्या, म्हणजे जिथे पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव छापलेलं असतं तिथे. पुठ्ठ्याला लागून असलेलं कोरं पान जुन्या बांधणीत सुटून येतं आणि सही त्याच्याबरोबर जाते. ते पान आधीच उघडून, तिथे खूण ठेवून पुस्तक पुढे करा.

आपलं नाव देवनागरीत चिठ्ठीवर लिहून न्या. ऋतुजा की रुतुजा, मृण्मयी की मृण्मयि, हे गोंगाटात सांगत बसणं लेखकालाही त्रासाचं होतं, आणि एकदा लिहिलेलं नाव खोडता येत नाही. भेट द्यायची प्रत असेल तर ज्यांना द्यायची त्यांचं नाव, ‘चि.’ की ‘सौ.’ की नुसतं नाव, तेही त्याच चिठ्ठीवर असू द्या. पुढे कुणाला द्यायचं हे ठरलं नसेल तर ‘फक्त सही आणि तारीख द्या’ म्हणा, त्यात अपमान कुणाचाच नाही. ‘नाशिक’ आणि तारीख लिहायची मात्र आठवण करा.

पेन स्वतःचा न्या. साधा निळा बॉलपेन बहुतेक कागदांवर चालतो, आणि काळ्या छपाईत निळी सही उठून दिसते. जेल पेनाची शाई वाळायला वेळ घेते, गुळगुळीत आर्ट पेपरवर तर फारच. फाउंटन पेनची शाई हलक्या कागदावर पसरते आणि मागच्या पानावर उमटते. सही झाल्यावर पुस्तक लगेच मिटू नका. मिनिटभर उघडं धरा किंवा मध्ये टिपकागद ठेवा.

बोलायचं काय, ही चिंता नवख्यांना असते. ‘सर’, ‘मॅडम’ म्हणून सुरुवात करा. वयाने जवळचे असतील तर ‘ताई’, ‘दादा’ही चालून जातं. ‘खूप छान लिहिता’ असं मोघम म्हणण्यापेक्षा नमुन्यात वाचलेल्या एखाद्या प्रसंगाबद्दल एक वाक्य बोला. पुस्तक वाचलेलं नसेल तर तसं सरळ सांगा, ‘आजच घेतोय, वाचून कळवतो.’ स्वतःचं हस्तलिखित त्या वेळी पुढे करू नका. रांग मोठी असेल तर एकाच पुस्तकावर सही घ्या. घरून पाच जुनी पुस्तकं आणली असतील तर सगळ्यात शेवटी उभे राहा आणि विचारून मगच पुढे करा.

सातवी पायरी: घरी आणल्यावर

पावसाळ्यात कार्यक्रमाला जाताना पिशवीत एक प्लास्टिकची पिशवी असू द्या. दुचाकीवरून सिडकोपर्यंत जाईतो कापडी पिशवी ओलीचिंब होते. सही असलेल्या पानावर सेलोटेप किंवा लॅमिनेशन कधीही करू नका. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागद खातो. पारदर्शक कव्हर घालायचं तर न चिकटणारं घाला. पुस्तक थेट उन्हात ठेवू नका, त्याने शाई फिकी पडते. बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला टेकून कपाट असेल तर ते चार बोटं पुढे ओढा. कसर आणि बुरशी तिथूनच सुरू होते. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत सगळी पुस्तकं एकदा बाहेर काढून पुसून घ्या.

निमंत्रणपत्रिका त्याच पुस्तकात ठेवा, पण सहीच्या पानाला लागून नको. रंगीत छपाईचा डाग उमटू शकतो. शेवटच्या पानांत ठेवा.

वाचून झाल्यावर लेखकाला कळवा. ई-बुक असेल तर जिथून घेतलं तिथेच चार ओळींचा अभिप्राय मराठीत लिहा, कारण पुढचा वाचक तो वाचूनच ठरवतो. छापील असेल तर माहितीपानावर प्रकाशकाचा पत्ता किंवा ई-मेल असतो. त्यावर पाठवलेलं पत्र लेखकापर्यंत पोहोचवलं जातं. पत्रात पान क्रमांक देऊन लिहा, आणि मुद्रणदोष सापडले असतील तर तेही त्याच पत्रात कळवा. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त करता येतात.